बाबांची हातोडी आणि माझं यंत्र

माझे सासरे चाळीस वर्षं गॅरेजात टायर बसवत होते. मी शाळेची व्हॅन चालवायची म्हटल्यावर घरादाराने नाकं मुरडली. बाबांनी मात्र शेजारी बसून मला गिअर शिकवले, दोनदा फाटक ठोकलं तरी आवाज चढवला नाही. म्हणूनच पुढचं सांगायची मला लाज वाटते.

रोज सकाळी मी निघण्याआधी बाबा लाकडी हातोडीने चारही चाकांवर एकेक ठोका द्यायचे. हवा कमी वाटली तर पंप मारायचे आणि म्हणायचे, "जा." त्याशिवाय मी किल्ली फिरवत नसे.

यंदा मात्र त्यांना दारावरची बेल ऐकू येईनाशी झाली. आमचा टीव्ही शेजारीपाजारी ऐकू लागले. व्हॅनमध्ये लोकांची नऊ पोरं, आणि चाक ऐकणारा माणूस बहिरा! तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. मग हवा मोजायचं डिजिटल गेज आणलं आणि सीटखाली दडवलं.

पहिली मुलगी आठ किलोमीटरवर राहते. तिच्या दाराशी थांबून मी गेज लावलं. छत्तीस! व्हॅनच्या दारावरच्या पट्टीवर हवा तेहतीस हवी असं लिहिलेलं. म्हटलं, झालं, बाबांचा अंदाज सुटला. चारही चाकं तेहतीसवर उतरवली. दुसऱ्या दिवशी बाबांनी ठोके दिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि हवा भरली. मुलीच्या दाराशी पुन्हा छत्तीस, पुन्हा मी सोडली. आठवडाभर हेच. बाबांनी चारही व्हॉल्व्ह बदलले, तरी मी आपली शहाणी.

शुक्रवारी ठोके देऊन झाल्यावर त्यांनी हातोडी माझ्या हातात ठेवली.

"सूनबाई, माझा भरवसा धरू नकोस. नवे व्हॉल्व्ह घातले तरी चाकं रोज बसलेलीच वाटतात मला. हात गेला माझा. गॅरेजातून तपासून घेत जा."

आणि आत गेले. चहालाही नको म्हणाले.

मी तिथेच, व्हॅन सुरू न करता, गेज लावलं. तीस. चारही चाकं तीस! काल तर मी तेहतीस ठेवून आले होते. काल चाकं आठ किलोमीटर पळून तापलेली होती, आज गार होती. तापल्यावर आकडा चढतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आत्ता शिरली. बाबा रोज बरोबर भरत होते. कमी हवेवर पोरं फिरवली ती मी.

आत धावले आणि सगळं सांगून टाकलं. तेही ओरडून, पुन्हा पुन्हा.

"मला वाटलं तुम्हाला ठोका ऐकू येत नाही, बाबा!"

"ठोका ऐकतंय कोण?" ते म्हणाले. "गॅरेजात त्या गोंगाटात काय ऐकू येणार होतं? दांड्यातून हाताला कळतं."

मग आपल्या तळव्याकडे बघत राहिले. "म्हणजे हात आहे अजून," म्हणाले. त्यांचे डोळे भरले, माझे तर वाहतच होते. एवढं करूनही माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलं नाही. उठून त्यांनी हवा भरली आणि मग स्वतःहून चहा मागितला.

आता ठोके झाले की मी दारातच, चाकं गार असताना, गेज लावते.

"किती?" बाबा विचारतात.

"तेहतीस!" मी ओरडते.

"बरोबर आहे तुझं यंत्र," ते म्हणतात. "जा."