धाकट्यानं चाखलेलं ताट

इंदिरानगरात रविराजचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं त्याला 'राजे' म्हणतात, पण नाशकात राजे कुणाला म्हणत नाहीत? रिक्षावालासुद्धा राजेच! हा खरोखरच राजाचा धाकटा मुलगा, हे मात्र कुणाच्या गावीही नाही. पेठच्या बाजूला डोंगरात त्यांचं चिमुकलं संस्थान होतं. ते गेलं, पुढे वडीलही गेले. गढी थोरल्या दादासाहेबांकडे राहिली आणि दोघा भावांत एक रिवाज राहिला.

कुठल्याशा खापरपणजोबाला धाकट्या भावानं खिरीतून विष घातलं म्हणे. तेव्हापासून थोरल्याच्या ताटातला पहिला घास धाकट्यानं खायचा. त्याला काही झालं नाही, की मग थोरल्यानं जेवायचं. रविराज लहानपणापासून हेच करत आला. त्याची बायको उज्वला निफाडकडच्या शेतकऱ्याची लेक. लग्नानंतर तिनं हा प्रकार पाहिला आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सख्खा भाऊ आहात, का मारेकरी?" तिनं नवऱ्याला विचारलं. तो हसण्यावारी नेई. पण दादासाहेबांनी एकदा तरी आपल्या भरवशावर जेवावं, याची त्याला केवढी आस होती, ते तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिचा दिरावर राग.

गेल्या श्रावणात दादासाहेब न कळवता दारात हजर. तेही एकटे. उज्वलाच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं इकडे फिरकले नाहीत, आजच भावाचा पुळका कसा आला? गढीच्या कागदांवर सही हवी असेल, नाहीतर स्वतःला मूल नाही म्हणून आमच्या पोराला, अमोलला, दत्तक मागतील. या माणसाचा काही नेम नाही बाई!

तिनं पिठलं-भाकरी वाढली. रविराजनं सवयीनं भावाच्या ताटाकडे हात नेला.

"राहू दे रे," दादासाहेब म्हणाले, आणि त्यांनी सरळ भाकरी मोडून खायला सुरुवात केली.

रविराजचे डोळे भरून आले. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण चेहरा असा खुलला की बघत राहावं. उज्वलाला मात्र हे काही पटेना. एवढा गोडवा? नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय!

जेवणं उरकली. दादासाहेबांनी पिशवीतून डबा काढला. "सांजोऱ्या आहेत. तुझ्या वहिनीनं खास तुझ्यासाठी केल्यात."

रविराजनं एक उचलून तोंडाशी नेली.

"थांबा!" उज्वलानं त्याचं मनगट धरलं. "दादासाहेब, आधी तुम्ही खा."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. पण हात काही सुटेना. दादासाहेबांनी रविराजच्या हातातली अर्धी सांजोरी मोडून घेतली, सावकाश खाल्ली आणि वर ते घोटभर पाणी प्यायले.

"हा रिवाज मोडायलाच आलो होतो मी," ते म्हणाले. "असो. उज्वला, आज तुम्ही खऱ्या आमच्या घराण्याच्या झालात."

रविराजनं मनगटावरची तिची बोटं एकेक करून सोडवली. उरलेली अर्धी सांजोरी खाल्ली आणि तिच्याकडे न बघताच तो भावाला सोडायला खाली गेला.