रक्तसाक्षीचा बाप

डोंगरीचा इनास पोटासाठी भातशेती करायचा, पण गाव त्याला ओळखायचं ते गोष्टीसाठी. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी नऊ दिवस संध्याकाळी माळेची प्रार्थना व्हायची. शेवटच्या दिवशी इनास उभा राहून रोमच्या राज्यातल्या एका रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी जीव दिलेल्या, मुलीची गोष्ट सांगायचा. ख्रिस्ताला नाकार, नाहीतर मर, असा सुभेदाराचा हुकूम. तुरुंगात म्हातारा बाप येऊन विनवतो. मग पुढे बसलेल्या सगळ्या मुली एका आवाजात तिचं उत्तर द्यायच्या, "मी ख्रिस्ताची." त्यानंतर सिंह, आणि त्यानंतर सगळ्यांना उकडलेले चणे.

या बापाचं बोलणं इनास नाकातून काढायचा. डोक्यावर टॉवेल, हातात काठी, उगाचचं रडणं. शेजारची रेजिनाबाय म्हणायची, "बापूस हाय का बकरा?" गाव हसायचं. असल्या बापाला कोण बधणार? मुलींना उत्तर सोपं जावं, ही सोय इनासने आधीच करून ठेवलेली असायची.

अडुसष्ट साली ईस्टरनंतर त्याची एकुलती एक मुलगी फिलू म्हणाली, "बाबा, मी सिस्टरांच्या मठात जातेय. कुष्ठरोग्यांच्या सेवेला."

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. इनास एवढंच म्हणाला, "पावसाळा होऊ दे."

"जूनमध्येच बोलावलंय."

पुढे त्यावर बोलणं झालं नाही. विनवायला तोंड उघडलं तर नाकातलाच आवाज निघेल, असं त्याला वाटायचं.

त्या मे महिन्यात क्रुसापाशी त्याने टॉवेल घेतला नाही. बाप साध्या आवाजात बोलू लागला. "पोरी, तुझा देव खोटा असं मी म्हणत न्हाय. घरात दोन ताटं हायत. तुझं मी पालथं घालू, का रोज वाढून ठेवू, तेवढं सांगून जा."

रेजिनाबायने पदर डोळ्यांना लावला. इनास उत्तरासाठी थांबला. मुली एकमेकींकडे बघत बसल्या. उत्तराशिवाय गोष्ट पुढे जाईना आणि टोपातले चणे निवत चालले.

"यंदा पोरगी घरी जाते म्हणायची काय?" मागून एक म्हातारा म्हणाला. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या रांगेतून फिलू उठली. "मी ख्रिस्ताची," एकटीच म्हणाली. मग जरा हळू, "ताट पालथं नको घालू, बाबा. कोणी आलं तर वाढ."

इनासने गोष्ट पुरी केली. सिंह दोन वाक्यांत उरकला. जूनमध्ये तिची ट्रंक बसपर्यंत त्यानेच उचलून नेली.

त्या ताटात मग वाटसरू जेवले, गवत कापायला आलेले मजूर जेवले, एकदा पोस्टमनही. इनास आणखी आठ वर्षं गोष्ट सांगत राहिला. बाप पुन्हा कधी नाकातून बोलला नाही. मुली उत्तर द्यायच्या, पण आधी जरा थांबायच्या. तेवढा वेळ इनास चण्यांच्या टोपाकडे बघत उभा राहायचा.