हिरव्या खुणा

ऑफिसात नव्याने आलेली शलाका काल तिची पहिली युनिट टेस्ट लिहीत होती. हॉस्पिटलसाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाळाच्या वजनावरून औषधाचा डोस काढणारा एक क्लास, म्हणजे कोडचा एक भाग, आहे. त्यातली एकेक मेथड, म्हणजे एकेक हिशेब, वेगळी काढून तपासायची, एवढंच काम. तिने अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकीचं लिहिलं. पडद्यावर लाल खूण उमटली, तशी ती खुशीत हसली.

"अगं, नापास झाली की!" मी म्हणालो.

"व्हायलाच हवी, सर. जी कधी नापासच होत नाही, तिच्या पास होण्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

मी गुपचूप जागेवर येऊन बसलो. त्याच क्लासच्या जुन्या टेस्ट मी लिहिल्या होत्या. मेथड चालवायची आणि उत्तराकडे न बघताच पुढे जायचं, अशा. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास; साहेब खूश. मग एका बाळाचा डोस दहापट निघाला. सिस्टरच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून बाळ वाचलं. बैठकीत ठपका आला तो आमच्या टेस्टर विद्याताईंवर. "टेस्ट तर हिरव्या होत्या हो," एवढंच त्या म्हणत राहिल्या. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

स्वतःला अडचणीचा प्रश्न कधी विचारलाच नाही, तर आपला चांगुलपणाही वर्षानुवर्षं हिरवाच दिसत राहतो.

आज विद्याताईंना फोन करून सगळं सांगितलं. 

त्या म्हणाल्या, "टेस्टवर तुमचं नाव होतं, मला माहीत होतं. तुम्ही बोलाल म्हणून बैठक संपेपर्यंत मी तुमच्याकडेच बघत होते."