बाच्या हातचा कोरडा मसाला

मुखेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा बा माझी ट्रंक टपावर चढवून खाली उतरला आणि तोंड पुसत खिडकीपाशी येऊन उभा राहिला. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं उघडत होती, आणि नांदेडला टायपिंगची परीक्षा पास झालेल्या मला त्यातल्याच एका ऑफिसात क्लार्कची ऑर्डर आली होती. आमच्या बौद्धवस्तीतून नोकरीला निघालेली मी पहिलीच मुलगी. आई रडत होती. माझ्या पाठचा भाऊ सुभाष गवंड्याच्या हाताखालचं काम सोडून मला पोचवायला आला होता. गाडी सुरू झाली तसा बानं खिडकीतून एक डबा आत सरकवला.

"मसाला हाय. शांता, खात जा नीट. लई वाळलीस."

तो मसाला दुष्काळातला. तेव्हा मी दहा वर्षांची असेन. बा आणि आई सरकारी कामावर खडी फोडायला जात. चारा नाही म्हणून गावातले लोक शेरडं मिळेल त्या भावानं विकून टाकत होते, त्यामुळे एरवी सणासुदीला मिळणारं मटण मधूनमधून घरात येई. पण रश्शाला तेल नव्हतं, आणि पाण्याच्या एका घागरीसाठी आईला कोसभर चालावं लागे. एकदा ती मटणाकडं बघत नुसती बसून राहिली. बा म्हणाला, "सरक तिकडं. बिनपान्याचं करतो."

त्यानं लाल मिरच्या, धने, कारळे तव्यावर कोरडेच भाजले. उन्हात वाळवलेला लसूण, आंबोशी आणि खडेमीठ घालून सगळं उखळात जाडसर कुटलं. मग ती भुकटी मटणाच्या फोडींना बोटांनी दाबून दाबून चोळली. वरवर लावली तर निखाऱ्यात झडून जाते, म्हणायचा. बाभळीच्या निखाऱ्यांवर त्या फोडी तडतडायला लागल्या आणि बऱ्याच दिवसांनी आई हसली. पुढं पाऊसपाणी झालं, तेलही आलं, पण बानं तो मसाला करणं सोडलं नाही.

लातूरला मला खोली मिळाली ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात. बाई मायाळू होत्या, ताप आला तर काढा करून द्यायच्या. पण पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही कुणापैकी?" मी म्हटलं, "आम्ही मुखेडकडचे." त्यांना ते पुरलं, आणि मी ते पुरू दिलं. "मांसमच्छी तेवढी चालणार नाही हं," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. याआधी दोन घरांनी आडनाव विचारून नाही म्हटलं होतं. डबा मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

त्या हिवाळ्यात बा न कळवता आला. रविवार होता. दारात बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाच्या हातात पिशवी, पिशवीत मसाला चोळलेलं मटण. पहाटे उठून त्यानं ते केलं होतं, रात्री मुक्काम करून लेकीला स्वतः भाजून घालायचं म्हणून. बा कुणालाही भेटला की जयभीम म्हणायचा. तहसीलदार असो की कंडक्टर, त्यात फरक नाही. त्याचा हात वर गेला, आणि त्याच वेळी त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. त्यानं हात जोडले आणि बाईंना म्हणाला, "नमस्कार."

खोलीत आल्यावर मी दार लोटून घेतलं. "बा, पिशवी नका उघडू. इथं चालत न्हाई."

तो खाटेच्या कडेला बसला. पाणी प्याला. माझ्या टेबलावरची पुस्तकं, भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. "खोली चांगली हाय," म्हणाला. मग, "दुपारच्या गाडीनं निघतो. तुला काम असंल." मी थांबवलं नाही. स्टँडपर्यंत त्याच्यासोबत गेले, तेही चार पावलं मागं राहून.

त्यानंतर तो लातूरला आला नाही. मी सुट्टीला जायची, तो मसाला करायचा, भाजून वाढायचा, पण त्या दिवसाविषयी आम्ही दोघंही बोललो नाही. दोन वर्षांनी शेतात काम करतानाच तो गेला. ऑफिसात तार आली तेव्हाही मी त्याच खोलीत राहत होते. आई पुढं कितीतरी वर्षं शेजारणींना सांगायची, "यांनी लातूरला जाऊन लेकीला मटण भाजून घातलं. पोटभर खाल्लं तिनं." मी गप्प बसायची. मरेपर्यंत आई तेच खरं समजत राहिली.

आता मी रिटायर होऊन मुलाकडं कॅनडात राहते. मागच्या अंगणात त्याचं गॅसचं ग्रिल आहे. सून त्या मसाल्याला ड्राय रब म्हणते, आणि माझ्या हातचा तिच्या मैत्रिणींना फार आवडतो. मागच्या शनिवारी पाहुणे पुन्हा मागून खात होते आणि मी माझी बशी तशीच ठेवून उठले. आत येऊन मी सुभाषला व्हिडिओ कॉल लावला आणि एवढ्या वर्षांनी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मला ठाऊक हाय, अक्का. मुक्कामाला गेलेला माणूस त्याच सांजेला परत आला. पिशवी तशीच जड व्हती. आईला काही न सांगता आमी दोघं माळावर गेलो, तिथंच भाजून खाल्लं."

"लई रागात व्हता का रे?"

"न्हाई. खाताना एवढंच म्हनला, शांतानं खोली बदलली की परत जाऊ."

खोली बदलणं अवघड नव्हतं. बा येऊन गेल्यावर वर्षभरातच ऑफिसातल्या एका बौद्ध बाईनं मला तिच्या घरात खोली देऊ केली होती. ऑफिस लांब पडतं म्हणून मी नको म्हटलं.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या तुम्हा सगळ्यांना घर म्हटलं की काहीतरी वेगळं आठवत असेल. पुढं लातूरला मी स्वतःचं घर बांधलं, इथंही मुलाचं मोठं घर आहे. पण घर हा शब्द कानावर आला की मला ऑफिसातल्या त्या बाईनं देऊ केलेली खोली आठवते. ती मी आतून कधी पाहिलीसुद्धा नाही. बा तिथं आला असता.