खैरुद्दीनचा उजवा हात

गुणवंत काकडे मूळचा पुण्याजवळच्या खडकीचा. लष्करात तो आर्मरर होता, म्हणजे जवानांच्या रायफली आणि पिस्तुलं दुरुस्त करून, स्वतः झाडून पाहून परत देणारा माणूस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि एका जुन्या साहेबांच्या ओळखीनं अबुधाबीतल्या एका शूटिंग क्लबात लागला. वर्षभरानं बायको अनुराधा आणि मुलगा निनाद तिकडे आले. मुलगा इंग्रजी बोलायला लागला, अनुराधा शेजारच्या मल्याळी बाईकडून मासे करायला शिकली, आणि गुणवंतचं क्लबात नाव झालं. काकडेनं हात लावलेलं हत्यार अडत नाही, असं तिथले अरब मेंबर एकमेकांना सांगायचे. ते गुणवंतच्या कानावर येत असे आणि त्याला ते फार आवडत असे.

त्या मेंबरांपैकी एक होता खलफान. त्याचे वडील, सगळे ज्यांना अबू खलफान म्हणत आणि नोकरमाणसं अरबाब, म्हणजे मालक, सोन्याचे आणि बांधकामाच्या सामानाचे मोठे व्यापारी. आपल्याबरोबर हत्यार बाळगणारा माणूस ठेवायचा परवाना त्यांना मिळालेला होता, आणि तो माणूस म्हणजे खैरुद्दीन. कोकणातला, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. अबू खलफानचं बाजारात नुसतं एक लहानसं दुकान होतं तेव्हापासून तो त्यांच्या पाठीशी उभा. दाढी पांढरी झालेली, पण चाल ताठ. गुणवंत त्याला चाचा म्हणायचा. क्लबात मराठी बोलायला तेवढाच एक माणूस, म्हणून दोघांचं बरं जमायचं.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात खलफाननं एक छोटं पिस्तूल आणलं. तळहातावर मावेल एवढं. खैरुद्दीनचं जुनं रिव्हॉल्व्हर कोटाखाली फुगलेलं दिसतं, पाहुण्यांसमोर बरं वाटत नाही, हे खिशात ठेवलं तर कुणाला कळणारसुद्धा नाही, असं त्याचं म्हणणं. पिस्तूल आधी दुसऱ्या कुणीतरी वापरलेलं होतं. गुणवंतनं ते उघडलं तर आतली स्प्रिंग दमलेली. नवी स्प्रिंग एजंटकडून यायची होती.

"कब आएगा?" खलफाननं विचारलं.

"नेक्स्ट वीक, इन्शाल्ला."

"नेक्स्ट वीक नहीं काकडे. मेरे को परसों चाहिए. तुम कर सकता है, मेरे को मालूम है."

तुम कर सकता है, एवढ्यावर गुणवंत विरघळला. त्याच्या खणात दुसऱ्या एका पिस्तुलाची स्प्रिंग पडलेली होती. जरा जाड तारेची, जरा कडक. त्यानं ती मापाला कापून बसवली. मग रेंजवर जाऊन, पाय रोवून, दोन्ही हातांच्या पक्क्या पकडीत त्यानं ते पिस्तूल झाडलं. मॅगझिनमागून मॅगझिन रिकामं झालं. एकदाही अडकलं नाही.

लष्करात तो स्वतःच नव्या पोरांना शिकवायचा की हत्यार ज्या पद्धतीनं वापरलं जाणार, त्याच पद्धतीनं तपासायचं. खिशातलं पिस्तूल माणूस घाईत काढतो, एका हातानं झाडतो, पाय रोवायला वेळ नसतो. त्याला हे त्या दिवशीही आठवलं होतं. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं, पिस्तूल तर चाललं होतं, आणि ते उद्या द्यायचं होतं. त्यानं ते पुसून डबीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी खलफान खैरुद्दीनला घेऊन आला. बरोबर दोन-तीन मेंबरही गंमत पाहायला आले. खैरुद्दीननं पिस्तूल खिशात ठेवलं, बाहेर काढलं, एका हातानं धरून चाप ओढला. पहिली गोळी गेली. दुसऱ्या वेळी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, अर्ध्यात थांबली आणि रिकामं काडतूस तोंडाशी अडकून बसलं. गुणवंतनं ते मोकळं करून दिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"क्या हुआ, काकडे?" खलफानच्या आवाजात आधीचा गोडवा नव्हता.

गुणवंतच्या मानेवरून घाम वाहत होता. त्यानं पिस्तूल घेतलं, दोन्ही हातांत आवळून धरलं आणि सगळ्यांदेखत मॅगझिन रिकामं केलं. एकदाही अडकलं नाही.

"पिस्तौल में कुछ नहीं," तो म्हणाला. "छोटा पिस्तौल मजबूत हाथ माँगता है. चाचा के हाथ में अब ताकत नहीं रही."

हे साफ खोटं होतं असंही नाही. ढिल्या हातात छोटं पिस्तूल अडकतं, हे कुणीही जाणकार सांगेल. पण खैरुद्दीनचा हात ढिला आहे का, हे गुणवंतनं पाहिलंच नव्हतं. मेंबरांपैकी एक जण हसला. आपलं मनगट लुळं करून त्यानं दुसऱ्याला दाखवलं. खैरुद्दीननं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, पालथा करून पाहिला आणि खिशात घातला.

आठवडाभरात अबू खलफानच्या पाठीशी त्यांचा एक तरणाबांड भाचा उभा राहायला लागला. खैरुद्दीनला शहराबाहेरच्या मुसफ्फाच्या गोदामावर पाठवलं, फाटकाशी केबिनमध्ये बसायला. गुणवंतला वाईट वाटलं, पण वय कुणाला चुकलंय, असं म्हणून त्यानं विषय संपवला.

थंडी पडायला लागली तेव्हा खलफान पिस्तूल घेऊन परत आला. भाच्याच्या हातातही ते अडकत होतं. तो भाचा म्हणजे खांद्यानं दार अडवणारा गडी. गुणवंतनं कार्यशाळेचं दार लोटून घेतलं, पिस्तूल उघडलं आणि खरी स्प्रिंग, जी कधीचीच येऊन खणात पडली होती, ती आपण बसवलेल्या स्प्रिंगशेजारी ठेवली. बोटानं दाबून पाहिल्यावर लहान मुलालाही फरक कळला असता. त्याची स्प्रिंग एवढी कडक होती की पाय रोवून दोन्ही हातांनी आवळलं नाही तर स्लाइड पुरती मागे जाणारच नव्हती. तरी खात्री करायला तो रेंजवर गेला आणि एका हातानं, घाईत, झाडून पाहिलं. त्याच्या स्वतःच्या हातातही पिस्तूल अडकलं. खरी स्प्रिंग बसवली, आणि मग ते कसंही धरलं तरी चाललं.

बाहेर खलफान वाट पाहत होता.

"कचरा अटक गया था," गुणवंत म्हणाला. "साफ कर दिया. खलास."

"शाबाश, काकडे," खलफान म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून निघून गेला. ती थाप गुणवंतला दिवसभर खांद्यावर जाणवत राहिली.

त्यानंतर दोन महिने गेले. गुणवंत कामावर जायचा, यायचा. क्लबात कुणी त्याची तारीफ केली की तो उठून दुसरीकडे जायचा. अनुराधाला वाटलं, तब्येत बरी नसेल. शेवटी एका दुपारी, ती तांदूळ निवडत असताना, तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं बोलून गेला. स्प्रिंग, रेंज, कचरा अडकल्याची थाप.

तिनं ताट बाजूला ठेवलं. "आणि त्या माणसाला हे माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

त्या शुक्रवारी तो मुसफ्फाला गेला. सुटीमुळे गॅरेजांची शटर खाली होती, कामगारांचे ओले कपडे कुंपणांवर वाळत होते. गोदामाच्या फाटकाशी केबिनमध्ये खैरुद्दीन रेडिओ लावून बसला होता. गुणवंतला पाहून तो उठलाच.

"अरे काकडेसाहेब! या या, बसा. आमच्या गरिबाच्या ऑफिसात."

त्यानं थर्मासमधला चहा ओतला, तो डाव्या हातानं. मग स्वतःचा कप उचलला, तो दोन्ही हातांनी, लहान मूल धरतं तसा. गुणवंत त्या हातांकडे पाहतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"हा भरवशाचा नाय राहिला आता," तो उजवा हात किंचित वर करून म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, काही नाय, वय झालंय. रोज तेल चोळतो. पण साहेब, तुमचे उपकार हाएत. तुम्ही तेव्हा दाखवून दिलंत म्हणून बरं. नायतर वेळेला माझ्या या हातामुळं अरबाबचा जीव गेला असता. मी जन्मभर तोंड दाखवलं नसतं कुणाला."

गुणवंतनं कप खाली ठेवला. इथवर येताना गाडीत त्यानं वाक्यं जुळवली होती. सुरुवात कशी करायची, स्प्रिंगचं कसं समजावून सांगायचं. ती सगळी बाजूला राहिली.

"चाचा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "दोष पिस्तुलात होता. मी चुकीची स्प्रिंग बसवली होती. माझ्या हातातसुद्धा अडकलं ते."

खैरुद्दीननं रेडिओ बंद केला. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

हाच प्रश्न येऊ नये असं गुणवंतला वाटत होतं. "दोन महिने झाले."

"दोन महिने." खैरुद्दीन खिडकीबाहेर पाहत राहिला. "माझी होडी होती गावाला. बापाची. परत गेल्यावर खाडीत मासे मारायचे असं ठरवलेलं मी. हव्वाबीला, म्हणजे बायकोला, फोनवर सांगितलं, विकून टाक, आता वल्हं कोण मारणार? गेल्या महिन्यात विकली तिनं. रडत होती."

गुणवंतनं मान खाली घातली. दोन महिन्यांपूर्वी, खलफान दाराशी उभा असताना, एक वाक्य खरं बोललो असतो तर होडी अजून खाडीत असती. दुसऱ्या कुणावर ढकलायला इथे काहीच नव्हतं.

"मी अरबाबना सांगतो," तो म्हणाला. "आजच सांगतो."

"सांगा," खैरुद्दीन म्हणाला. "पण माझ्यासमोर सांगा. तेव्हा पण मी समोरच होतो."

अबू खलफानचा नवा बंगला खलिफा सिटीत होता. दोघं पोचले तेव्हा अबू खलफान मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, गादीला टेकून बसले होते, शेजारी खलफान. कहवा आला. गुणवंत बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं, आणि कचरा अडकल्याचं आपण खोटं बोललो हेही सांगितलं.

खलफान उसळला. "दो महीना तुमने मेरे को झूठ बोला? मेरे बाप का जान का सवाल था!"

गुणवंत मान खाली घालून ऐकत राहिला. हे ऐकायची त्याची तयारी होती. पण अबू खलफाननं हात वर करून मुलाला थांबवलं आणि सहज, जणू समजूत घालावी तसं, ते बोलले.

"काकडे, तुम इतना फिकर मत करो. खैरुद्दीन को तो हटाना ही था. बूढ़ा हो गया. मैं सोचता था, कैसे बोलूँ, इतना साल का आदमी है. फिर तुमने बोल दिया. मेरा काम आसान हो गया."

खैरुद्दीन दाराशी उभा होता. त्यानं ते ऐकलं. त्याचा चेहरा हलला नाही, फक्त नजर गालिच्यावर गेली आणि तिथेच राहिली. गुणवंतला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. ज्याची इज्जत परत द्यायला आलो, त्यालाच आणून हे ऐकवलं. गोदामावर त्याला निदान एवढं तरी वाटत होतं की हात गेला म्हणून जागा गेली. आता तेही राहिलं नाही.

मग खैरुद्दीन म्हणाला, "अरबाब, एक बार मैं वो पिस्तौल चला के देखूँगा. बस."

अबू खलफाननं होकार दिला.

दुसऱ्या दिवशी खलफान पिस्तूल घेऊन क्लबात आला, आणि खैरुद्दीन टॅक्सी करून आला. गुणवंतनं आणायला गाडी पाठवतो म्हटलं होतं, ते त्यानं ऐकलं नव्हतं. रेंजवर दुसरं कुणी नव्हतं. खैरुद्दीननं पिस्तूल खिशात ठेवलं, काढलं, एका हातानं धरलं आणि झाडत गेला. स्लाइड दर वेळी नीट मागे गेली, पुढे आली. कार्डबोर्डवर भोकं जवळजवळ पडली होती. शेवटची गोळी गेल्यावर त्यानं पिस्तूल टेबलावर ठेवलं, उजव्या हाताची मूठ दोनदा वळली, उघडली.

खलफान पिस्तूल उचलून निघून गेला. मग खैरुद्दीन गुणवंतकडे वळला.

"साहेब, चूक कुणाचीही होते. पण तुम्ही मला बाजूला घेऊन सांगू शकला असता. त्या सगळ्यांसमोर का बोललात?"

"माझं नाव जाईल म्हणून," गुणवंत म्हणाला.

खैरुद्दीननं मान हलवली, ऐकलं एवढंच सांगणारी. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि गुणवंतनं विचारलंही नाही. उन्हाळा लागायच्या आत तो कायमचा गावाला गेला. गुणवंतनं जुनी होडी कुणी घेतली याची चौकशी करू का म्हटलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "राहू दे. ज्यानं घेतली त्यानं रंग बदलला तिचा."

खलफाननं क्लबात तक्रार केली. गुणवंतकडून हत्यारं तपासायचं काम काढून घेतलं आणि भाड्यानं दिल्या जाणाऱ्या बंदुका पुसायला त्याला बसवलं. तो तिथे मुकाट बसला. लोकांना वाटलं, त्याला फार लागलं असेल. त्याला उलट ते कमीच वाटत होतं.

खैरुद्दीन गेला त्या रात्री जेवताना अनुराधानं विचारलं, "विमानतळावर गेला होतात?"

"गेलो होतो. लांबूनच पाहिलं. पुढे व्हायचा धीर झाला नाही."

निनाद ताटातून वर न पाहता म्हणाला, "इज ही ओके, बाबा? दॅट अंकल?"

"हो," गुणवंत म्हणाला. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. मग तो म्हणाला, "नाही. मला माहीत नाही, बाळा."