रोमन लोकांचं मिठागर

"हे लॅटिन नि ग्रीक शिकून पोट भरनार हाय का गो?" हा प्रश्न आमच्या बाबांनी मला इतक्यांदा विचारलाय, की त्याचं दोन्ही भाषांत भाषांतर मी झोपेतसुद्धा करीन.

आईबाबा राबायचे ते पेणच्या खाडीकाठचं मिठागर बंद पडलं तसे बाबा रोह्याजवळ धाटावला कंपनीत लागले आणि आम्ही रोह्याला राहायला आलो. मी एम.ए.साठी मुंबईला निघाले तेव्हा त्यांनी अट घातली. पहिल्या वर्षी एक जरी पेपर गेला, तर गप घरी यायचं. कंपनीत पॅकिंगला मुली घेतायत. मीही तापट. "येईन!" म्हणून बसले.

वर्षाच्या शेवटी लॅटिनच्या पेपरात एका रोमन पुस्तकातला न शिकवलेला उतारा आला. वाचते तर काय, मीठ कसं करावं! समुद्राचं पाणी आत घ्या, उन्हात आटवा. म्हटलं, देव पावला! चार शब्द अडत होते, पण मिठागर मला कोण शिकवणार? भराभर लिहून मोकळी झाले.

रोह्याच्या एसटीत प्रश्नपत्रिका पुन्हा काढली आणि चूक दिसली. मी लिहिलं होतं, पाणी घेण्याआधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी. उताऱ्यात तुडवणं नव्हतंच. ते आमचं होतं. लहानपणी आईचा हात धरून मी वाफ्यात पाय आपटायचे, तेच कागदावर उतरलं. वर त्या नादात उताऱ्यातली खरी दोन वाक्यं गाळली होती. पेपर गेला असं मी धरूनच चालले.

लॅटिनच्या तोंडी परीक्षेपर्यंत मी रोज अर्धं ताट टाकून उठत होते. आईला वाटलं, कुठं लफडंबिफडं केलंय पोरीने. विचारलं तर मी तिच्यावरच खेकसले.

तोंडीला लॅटिनच्या बाईंनी तीच उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवली. "हे तुडवणं कुठून आणलंत?"

खोटं काही सुचेना. "बाई, आमच्या घरून."

मग सगळं सांगितलं. जमीन तुडवली नाही तर पाणी मुरतं आणि मिठात चिखल येतो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "गाळलेल्या वाक्यांचे मार्क मात्र जाणार," म्हणाल्या.

निकाल मोबाईलवर आला. काठावर का होईना, पास! मी स्वयंपाकघरात फतकल मारून बसले आणि भोकाड पसरलं. आई पिठाच्या हातांनी धावत आली.

बाबा पहिली शिफ्ट करून आले. म्हटलं, आता लपवायचं नाही. गाळलेल्या वाक्यांसकट सगळं सांगितलं. रिकामा डबा हातात धरूनच त्यांनी विचारलं,

"म्हंजे ती लोकं तुडवीत नव्हती?"

"पुस्तकात तरी नाय."

"मग चिखल खाल्ला असंल लेकाच्यांनी." डबा आईकडे देऊन ते पाय धुवायला गेले. तिथूनच ओरडले, "नि पाणी कवा घेत व्हते? उधाणाला का रोजच्या भरतीला?"

"ते बघायला लागेल, बाबा."

"मग बघ की. पुढचं वर्ष हाय ना तुला."