मामांचा प्रायव्हेट नंबर

सबंध मावळात स्वतःच्या बायकोला ती तीच आहे हे सिद्ध करायला लावणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. लोणावळ्याला तुंगार्लीत राहायचे. सगळं आयुष्य स्टेशनमास्तर म्हणून गेलेलं. गाडी सोडण्याआधी दोन स्टेशनांचे मास्तर फोनवर एकमेकांना एक गुप्त आकडा सांगतात आणि वापरलेला आकडा आपल्या कागदावर खोडून टाकतात. त्याला त्यांच्यात प्रायव्हेट नंबर म्हणतात. "आवाज कुणाचाही काढता येतो, जावईबापू," मामा मला सांगायचे, "आकडा काढता येत नाही." निवृत्तीनंतर फोनवरून लोकांना लुबाडल्याच्या बातम्या रोज कानावर यायला लागल्या, तेव्हा मामांची खात्रीच पटली की हा सगळा देश नंबर न घेता गाड्या सोडतोय आणि तो थांबवणं आता आपल्याच हातात आहे.

मग त्यांनी कागद आखायला घेतले. प्रत्येक कुटुंबासाठी सारख्या आकड्यांच्या दोन प्रती, एक घरात राहणाऱ्याला, एक बाहेर राहणाऱ्याला. फोनवर कुणी पैसे मागितले, अडचण सांगितली, रडलं, तरी आधी नंबर विचारायचा, मग पाझरायचं. आकडे बोराएवढे, चष्मा सापडला नाही तरी दिसावेत म्हणून. सुरुवात घरापासून. मामींनी बाजारातून फोन करून विचारलं, "मटार स्वस्त आहेत, घेऊ का?" मामा म्हणाले, "नंबर?" "अहो, मटाराला कसला नंबर?" "पण मटार विचारणारी बाई कोण, हे मला कसं कळावं?" मामींनी फोन बंद केला आणि पुढचा आठवडाभर दुधी केला. शिरगावच्या एका लग्नात भटजी घसा खाकरेपर्यंत मामांनी माइक हातात घेऊन नवरीला जाहीर आशीर्वाद दिला, "अखंड सौभाग्यवती हो, आणि ओटीपी सासऱ्यांनी मागितला तरी देऊ नकोस." नवरी हसली. सासरे जेवणाच्या पंगतीत शेवटपर्यंत फुगून बसले होते. आंबीला कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी ते लाल झेंडी घेऊन गेटावर उभे राहत. कामगार ओरडायचे, "मास्तर, आज कुठली गाडी?" मामा म्हणायचे, "तुमच्या पगाराची. कुणीतरी पळवून न्यायच्या आत थांबवतोय."

हे सगळं मी हसण्यावारी न्यायचो. त्यांची एकच गोष्ट मला खुपायची, ती म्हणजे त्यांची निळी वही. जो फसला त्यानं स्वतः येऊन सांगायचं, मामा नाव न लिहिता टिपून घेणार आणि पुढच्या गावात वाचून दाखवणार. कुणी फसलं म्हणून मामा कधी हसले नाहीत. चहा पाजायचे, नीट ऐकून घ्यायचे. "सरकार जाहिराती करील हो," म्हणायचे, "पण लोक शहाणे व्हायचे ते फसलेल्यानं तोंड उघडल्यावर. गप्प बसलेला माणूस म्हणजे दिवा गेलेला सिग्नल. लाल असता तर निदान कळलं तरी असतं." मी जन्माचा गप्प माणूस. तेव्हाही गप्पच बसलो.

आता आईबद्दल लिहितो. आजवर हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

माझी आई आंबीला एकटी राहते. मामांनी तिला कागद दिला तेव्हा तिनं तो देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावला आणि एखादं व्रत घ्यावं तसा पाळायला घेतला. मी तळेगावला कंपनीत. फोन लावला की आई आधी म्हणायची, "नंबर सांग." माझी प्रत गाडीच्या खणात पडलेली, नंबर कुठला सांगणार? एकदा साहेबांसमोर उभा असताना तिच्या औषधांचं विचारायला फोन केला, तर पुन्हा तेच. मी ओरडलो, "आई, पोटच्या पोराचा आवाज कळत नाही तुला? फाडून टाक तो कागद!" ती म्हणाली, "बरं बाबा. न्हाई इचारत."

पंधरा दिवसांनी तिला फोन आला. माझाच आवाज, रडवेला. घाटात अपघात झालाय, समोरचा माणूस दवाखान्यात आहे, आत्ता पैसे दिले नाहीत तर पोलीस मला घेऊन जातील. आईनं नंबर विचारला नाही. मीच बंदी घातली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले सगळे पैसे तिनं शेजाऱ्याच्या मदतीनं पाठवून दिले आणि मग मला विचारायला फोन केला, "सोडलं का रं तुला?"

संध्याकाळी मामा आले. ओसरीवर मी, आई आणि ते. मामांनी हळूच विचारलं, "विहीणबाई, नंबर विचारला होता का?" आईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग पदर सारखा करत म्हणाली, "इसरले भाऊ. म्हातारपण. लय घाबरलेते." कागद तिनं फाडलाही नव्हता, घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला होता. तो तिनं आणून मामांच्या हातात दिला. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

"म्हणजे पद्धतच चुकली माझी," मामा म्हणाले. "घाबरलेल्या माणसाला आठवणार नाही अशी पद्धत काय कामाची?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरोघर जाऊन कागद परत गोळा केले. वाटताना चेष्टा करणारी माणसं परत देताना जास्तच हसली. "काय मास्तर, गाडी रद्द?" मामाही हसले म्हणे. पुन्हा कुठल्या गेटावर ते दिसले नाहीत. मामींनी मटार आणले, तेव्हाही त्यांनी काही विचारलं नाही.

आईचं ऑपरेशन मी नंतर करवून घेतलं. पैसे भरून निघण्यासारखे होते. मामा मात्र गेल्या वर्षी गेले. शोकसभेला लोक त्यांचे किस्से सांगून हसले, रडले. "जावईबापू, तुम्ही बोला की," कुणीतरी म्हणालं. मी हात जोडले.

महिन्यानं मामींनी ती निळी वही मला दिली. "तुमच्यावर जीव होता त्यांचा," म्हणाल्या. परत घेतलेले सगळे कागद तिच्यात घडी घालून ठेवलेले. शेवटच्या पानावर मामांचं अक्षर होतं: "आंबी. आजी. मुलाचा आवाज काढून फसवणूक. नंबर विचारला गेला नाही. कारण, आकडे बारीक काढले गेले. चूक माझी."

बोराएवढे आकडे होते हो ते!

त्या ओळींखाली मी काय घडलं ते लिहिलं, नावासकट. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कशाला आता? कुणाला म्हाईत हाय?" तेच तर, आई. म्हणून इथंही लिहितोय.

तिचा कागद मी पुन्हा त्याच खिळ्याला लावून आलो. माझा आता पाकिटात असतो. फोन लावला की ती विचारायच्या आधीच मी सांगतो, "आई, सत्तेचाळीस."

"आरं वळकला की तुला. बोल."

"तरी खोड."

मग ती सावकाश उठते, पेन्सिल शोधते, आणि मी तेवढा वेळ फोन कानाला लावून थांबतो. त्या कागदावर आता थोडेच आकडे उरलेत. पुढचा मलाच आखायचा आहे. मामांसारखे बोराएवढे आकडे काढायचा सराव करतोय, अजून जमत नाहीत.